वजन उतरविण्याचा सशुल्क कार्यक्रम : रुग्णास काय सांगावे?

‘अमुक ठिकाणी तीन महिन्यांत वजन उतरवून देतात, पैसे भरावेत काय?’ हा प्रश्न आज वैद्यांच्या चिकित्सालयांत आणि औषधी दुकानांच्या काउंटरवर वारंवार विचारला जातो. विचारणारा रुग्ण आपल्याकडे बहुधा दुसऱ्याच तक्रारीसाठी आलेला असतो. गुडघे दुखतात, पाळी अनियमित आहे, रक्तशर्करा सीमेवर आली आहे, म्हणून तो येतो आणि उठता उठता हे विचारून जातो. प्रश्न वरवर पैशाचा दिसतो, परंतु त्यामागे वर्षानुवर्षांची खिन्नता असते. पूर्वी दोन-तीन प्रयत्न फसलेले असतात आणि या खेपेला फसायचे नाही, एवढीच अपेक्षा असते.

या प्रश्नाला आपल्या व्यवसायात सामान्यतः तीन प्रकारची उत्तरे दिली जातात. काही जण ‘ते सगळे थोतांड आहे’ असे म्हणून विषय संपवितात. काही जण ‘तिकडे कशाला, आमच्याकडेच पॅकेज आहे’ असे सुचवितात. उरलेले ‘बघा, पटले तर करा’ असे सांगून मोकळे होतात. पहिल्या उत्तरात विचार नाही, दुसऱ्यात हितसंबंध आहे आणि तिसऱ्यात जबाबदारी टाळलेली आहे. रुग्ण ज्या विश्वासाने विचारतो त्याला साजेसे उत्तर द्यावयाचे, तर आपल्यापाशी काही निश्चित कसोट्या हव्यात. प्रस्तुत लेखात आम्ही त्या मांडण्याचा प्रयत्न करीत आहोत. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : कार्यक्रम चालू असताना किती किलो उतरतील, यापेक्षा तो संपल्यावर रुग्णाच्या घरात, ताटात आणि दिनक्रमात काय शिल्लक राहील, हे पाहून त्याची किंमत ठरवावी.

प्रथम रुग्ण, मग कार्यक्रम

पैसे भरावेत की नाही याच्याही आधी, वजन उतरविण्याची गरज आहे काय, हे ठरले पाहिजे. कार्यक्रम विकणारा हा प्रश्न सहसा विचारीत नाही. आपण मात्र तो विचारलाच पाहिजे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलाचे जे वर्णन केले आहे त्यात वजनाचा आकडा नाही. मेद व मांस यांची अतिवृद्धी झाल्यामुळे नितंब, उदर व स्तन हालू लागणे, शरीराचा उपचय विषम असणे आणि त्या उपचयाच्या मानाने उत्साह नसणे, ही ती लक्षणे होत. उत्साहहानीचा लक्षणांत केलेला समावेश चिकित्सकाने विसरू नये. वजनकाट्यावर जड ठरणारा, परंतु दिवसभर शेतात राबणारा व न थकणारा मनुष्य आणि त्याच वजनाचा, जिना चढताना धापा टाकणारा मनुष्य, यांना एकच कार्यक्रम लावणे अशास्त्रीय आहे.

आधुनिक मापनाचाही आधार घ्यावा. भारतीयांसाठी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञमतानुसार शरीरभारांक २३ च्या पुढे गेल्यास अतिभार आणि २५ व त्यापुढे स्थौल्य समजावे. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर या मर्यादेत असावा. पाश्चात्त्य तक्त्यांपेक्षा हे आकडे कमी आहेत, कारण आपल्याकडे कमी वजनातही उदरावरील मेद अधिक असतो व मधुमेहाचा धोका लवकर निर्माण होतो. मोजपट्टीला काही रुपये लागतात, तरी कित्येक चिकित्सालयांत ती नसते. ती ठेवावी आणि केसपेपरवर घेराची नोंद करावी, अशी आमची विनंती आहे.

या तपासणीतून काही रुग्ण तिथेच बाजूला निघतात. लग्न ठरले म्हणून चार किलो घटवू पाहणारी, मुळातच कृशतेकडे झुकणारी तरुणी, गर्भिणी व स्तन्यदा माता, किशोरवयीन मुले, नुकतेच आजारातून उठलेले आणि वजन अकारण वाढू वा घटू लागलेले रुग्ण या गटात मोडतात. थायरॉइडचा विकार, पीसीओएस, स्टिरॉइड वा काही मानसरोगांवरील औषधे यांमुळे वाढलेले वजन हेही आधी निदानाचे काम आहे. अशांना कोणत्याही कार्यक्रमाचे पैसे भरण्यापूर्वी निदान करून घेण्यास सांगावे.

बाजारात काय विकले जाते

‘वजन उतरविण्याचा कार्यक्रम’ या एका नावाखाली अनेक भिन्न वस्तू विकल्या जातात. यंत्रे, पट्टे, बाष्प आणि मर्दन यांवर चालणारी केंद्रे ‘इतके किलो’ किंवा ‘इतके इंच’ या हिशेबाने पैसे घेतात. काही आहारसल्लागार मोबाईलवर रोजचा आहारतक्ता पाठवितात. काही ठिकाणी जेवणाऐवजी घ्यावयाची पावडर दिली जाते आणि ती विकण्याचे सभासदत्वही दिले जाते. साप्ताहिक सभा घेऊन सर्वांसमक्ष वजन करणारे गट आहेत. व्यायामशाळांची वार्षिक वर्गणी आहे आणि आपल्या क्षेत्रातील निवासी पंचकर्म शिबिरेही आहेत. अलीकडे यांत इंजेक्शनांची भर पडली आहे. टिर्झेपटाइड हे औषध मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लूटाइड जून २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाले. त्यानंतर ‘इंजेक्शनसह कार्यक्रम’ अशी योजनाही काही ठिकाणी दिसू लागली.

यांपैकी प्रत्येकात रुग्ण काहीतरी वेगळे विकत घेतो. कुठे तो ज्ञान घेतो, कुठे देखरेख, कुठे सोबत, कुठे वस्तू आणि कुठे निव्वळ आशा. म्हणून ‘तुम्ही नेमके काय विकत घेत आहात?’ हा प्रश्न आपण प्रथम विचारावा. ज्ञान व देखरेख यांचे मोल असू शकते. त्याच रकमेत केवळ यंत्राखाली पडून राहणे मिळत असेल, तर तसे स्पष्ट सांगावे.

किलोचे साधे गणित

जाहिरातीतील आश्वासन पारखण्यासाठी एक त्रैराशिक पुरेसे आहे. शरीरातील एक किलो मेद म्हणजे स्थूलमानाने ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा. ‘३० दिवसांत १० किलो’ असे आश्वासन असेल, तर ७७,००० किलोकॅलरींची तूट पडावी लागेल, म्हणजे रोज सुमारे २,५६६. आता राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या मानांनुसार, ५५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची एकूण गरजच १,६६० किलोकॅलरी आहे. ती महिनाभर पाण्याखेरीज काहीही न घेता राहिली, तरी या हिशेबाने मेद जाईल तो जेमतेम साडेसहा किलो. अधिक वजनाच्या स्त्रीची गरज थोडी जास्त असेल, परंतु आश्वासनातील आकडा तिच्याही आवाक्याबाहेरचाच राहतो.

मग काट्यावर पहिल्या आठवड्यात दोन किलो कमी दिसतात ते कशाचे? यकृत व स्नायूंत साठविलेल्या ग्लायकोजनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. आहार एकदम तोडला की हा साठा आटतो आणि पाणी बाहेर पडते. पोटातील अन्नाचे व मलाचे वजनही घटते. बाष्पाने घाम काढला तर ही घट आणखी उठून दिसते आणि पुन्हा पोटभर जेवताच ती भरून निघते. ‘पहिल्या आठवड्यातच फरक’ या जाहिरातीचे बळ या पाण्यात आहे.

याउलट, आठवड्याला अर्धा किलो हे लक्ष्य धरले तर रोजची तूट ५५० किलोकॅलरींची लागते. शंभर ग्रॅम तळलेल्या फरसाणात जवळपास तेवढी ऊर्जा असते. या गतीने तीन महिन्यांत सहा किलो उतरू शकतात. ८० किलोच्या मनुष्याच्या बाबतीत ती साडेसात टक्के घट होय, आणि पाच ते दहा टक्के घटीनेही रक्तदाब, रक्तशर्करा व सांधेदुखी यांत लाभ दिसतो. जाहिरातीत हा आकडा फिका वाटेल, परंतु रुग्णाच्या गुडघ्यांना तो पुरेसा वाटतो.

परीक्षणे काय सांगतात

सशुल्क कार्यक्रम सरसकट निरुपयोगी आहेत, असे म्हणण्यास आधार नाही. न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली स्थापन झालेल्या वेट वॉचर्स या संस्थेच्या साप्ताहिक सभांची शास्त्रशुद्ध परीक्षणे झालेली आहेत. त्यांपैकी एक २०११ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ऑस्ट्रेलिया, जर्मनी व ब्रिटन येथील ७७२ प्रौढांपैकी काहींना वर्षभर या सभांना पाठविले आणि इतरांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांचा सल्ला दिला. वर्षाअखेर पहिल्या गटात सरासरी सुमारे ५ किलो आणि दुसऱ्यात सव्वादोन किलो घट आढळली. या परीक्षणास त्याच संस्थेचे अर्थसाहाय्य होते, हे वाचताना ध्यानात ठेवावे. सभांना पाठविलेल्यांपैकी वर्षभर टिकले ते ६१ टक्केच, हेही नोंदवावे.

२०१७ साली त्याच नियतकालिकात आलेले ब्रिटनमधील परीक्षण आपल्या विषयाशी अधिक निगडित आहे. त्यात १,२६९ जणांचे तीन गट होते. एकाला केवळ पुस्तिका व थोडा सल्ला, दुसऱ्याला १२ आठवड्यांचा कार्यक्रम आणि तिसऱ्याला तोच कार्यक्रम ५२ आठवडे. वर्षाअखेर घट अनुक्रमे सुमारे ३.३, ४.८ आणि ६.८ किलो होती. दोन वर्षांनी मोजले तेव्हा ती २.३, ३.० आणि ४.३ किलोवर आली होती. यातून दोन गोष्टी दिसतात. उतरलेल्या वजनाचा काही भाग सर्वच गटांत परत आला. आणि तीन महिन्यांच्या कार्यक्रमाने, दोन वर्षांनंतर पाहता, पुस्तिकेपेक्षा एक किलोहूनही कमी अधिक लाभ दिला. आपल्याकडील बहुतेक पॅकेजे नेमकी तीन महिन्यांचीच असतात, हे येथे आठवावे.

इंजेक्शनांची कथा याहून वेगळी नाही. सेमाग्लूटाइडच्या मोठ्या परीक्षणातील काही रुग्णांचा औषध थांबविल्यानंतर वर्षभर पाठपुरावा केला असता, उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आलेला आढळला. औषध प्रभावी आहे, यात शंका नाही. परंतु ते किती काळ घ्यावे लागेल आणि तितका काळ खर्च झेपेल काय, हे ठरविल्याशिवाय सुरू करू नये. ते योग्य अर्हताप्राप्त डॉक्टरांच्या लेखी सल्ल्यानेच घ्यावयाचे असते, कोणत्याही केंद्राच्या पॅकेजचा भाग म्हणून नव्हे.

भारतातील एक अभ्यासही आपल्या उपयोगाचा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांवर चेन्नईच्या संशोधकांनी केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात, आहार व व्यायाम यांतील बदलाने तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. ही घट वजनात विशेष फरक न पडताही दिसली. म्हणजे काटा हलला नाही म्हणून प्रयत्न वाया गेला, असे रुग्णास वाटू देऊ नये. किलोच्या हिशेबाने पैसे घेणारा कार्यक्रम हा लाभ मोजतच नाही.

संहितेची कसोटी

वजन परत का येते, याचे उत्तर आपल्या शास्त्रात फार स्पष्ट दिलेले आहे. मेदाने मार्ग रोधल्यामुळे वायू कोष्ठात संचार करतो, अग्नीला प्रदीप्त करतो आणि घेतलेला आहार झपाट्याने पचवितो. म्हणून स्थूल मनुष्याला भूक अधिक लागते आणि अन्नाची वेळ टळली की त्याला क्लेश होतात. वणवा जसा वनाला जाळतो तसे हे अग्नी व वायू त्याला पीडा देतात, अशी उपमा चरकाचार्यांनी योजली आहे. अशा रुग्णाला निव्वळ उपाशी ठेवणे म्हणजे वणव्यात वारा घालणे होय. काही आठवडे तो निग्रहाने राहील, परंतु पुढे भूक त्याच्यावर मात करील आणि त्या पराभवाचा दोष तो स्वतःलाच देत बसेल.

यास्तव गुरू आणि अपतर्पण अशा आहाराची योजना सांगितली आहे. अन्न पचनास जड असावे, म्हणजे वाढलेला अग्नी शांत राहील, पण ते पोषणाने मेद वाढविणारे नसावे. टीकाकार येथे मधाचे उदाहरण देतात. यव, श्यामाक, कोद्रव, जूर्णाह्व म्हणजे आपली ज्वारी, मूग, कुळीथ आणि ताक ही स्थूलाच्या पथ्यातील द्रव्ये महाराष्ट्रातील कोणत्याही घरात सहज मिळतात. वरी, ज्वारीची भाकरी, कुळथाचे पिठले आणि ताक यांना कोणत्याही पॅकेजची गरज नाही.

दुसरी कसोटी क्रमाची. जागरण, व्यायाम, चिंतन इत्यादी उपाय क्रमाक्रमाने वाढवावेत, असा स्पष्ट निर्देश आहे. सवय सोडताना व धरताना पादांशाने पुढे जावे, असे सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेच. ज्या कार्यक्रमात सोमवारपासून भात, पोळी, मीठ, चहा सारे एकदम बंद होते आणि नव्वदाव्या दिवशी सारे एकदम सुटते, तो या कसोटीला उतरत नाही. वाग्भटाचार्यांनी स्थौल्याच्या औषधाविषयी निराशेचाच सूर लावला आहे आणि दोहोंत कार्श्य बरे असे म्हटले आहे. त्याचा अर्थ आम्ही असा घेतो की, या व्याधीत औषध साहाय्यक आहे आणि मुख्य भार आहारविहारावर आहे. तो भार उचलण्यास कार्यक्रम रुग्णाला शिकवितो काय, एवढेच पाहावयाचे.

किंमत कशी काढावी

रुग्णाला किंमत विचारली तर तो जाहिरातीतील आकडा सांगतो. खरी किंमत त्याहून वेगळी असते. समजा, तीन महिन्यांचे शुल्क १८,००० रुपये आहे आणि दरमहा २,५०० रुपयांची पावडर सक्तीची आहे. खर्च झाला २५,५००. पावडर पुढेही चालू ठेवावी लागणार असेल, तर वर्षाचा खर्च ४८,००० होतो. हा आकडा कागदावर लिहून रुग्णासमोर ठेवावा. त्याच रकमेत वर्षभराच्या भाजीपाल्याची किती तरतूद होईल आणि एखाद्या आहारतज्ज्ञाच्या महिन्यातून एक अशा बारा भेटींना किती लागतील, ते शेजारी मांडावे. आपण निर्णय लादू नये. दोन आकडे शेजारी आले की रुग्ण स्वतःच निर्णय घेतो.

करारपत्र वाचून दाखविण्याची तसदीही घ्यावी. ‘भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’ हे वाक्य बारीक अक्षरात असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये एकतर्फी व ग्राहकाचे हक्क मोडणाऱ्या कराराला ‘अनुचित करार’ म्हटले असून त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते. पावती न देणे, तसेच सदोष सेवेचे पैसे पावतीत नमूद मुदतीत, आणि मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत न करणे या अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे. तो चिकित्सालयात लावून ठेवण्यास हरकत नाही. परंतु दाद मागण्याची वेळ न येणे हे अधिक चांगले. म्हणून संपूर्ण रक्कम आगाऊ मागणाऱ्या ठिकाणी एकाच महिन्याचे पैसे भरण्याची तयारी दाखवावी. त्यास नकार मिळाला, तर त्या नकारातून पुष्कळ काही कळते.

पोटात काय जाते

कार्यक्रमातील पुड्या, गोळ्या व काढे आपल्याला दाखविण्यास रुग्णाला सांगावे. आयुर्वेदीय औषध असेल तर वेष्टनावर ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द, घटकद्रव्ये, निर्मिती परवाना क्रमांक व बॅच क्रमांक असलेच पाहिजेत. आहारपूरक असेल तर खाद्य सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि ते औषधी वापरासाठी नसल्याची सूचना असली पाहिजे. लेबल नसलेली पुडी घेऊ नये, मग ती कोणीही दिलेली असो.

ही दक्षता अनाठायी नाही. सिब्युट्रामिन हे भूक मारणारे रासायनिक औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे भारतात २०११ साली बंद झाले. त्यानंतरही जगभर ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या गोळ्यांत ते मिसळलेले वेळोवेळी सापडले आहे. एखादी ‘वनौषधी’ घेतल्यावर दोन दिवसांत भूक मरत असेल, छाती धडधडत असेल व झोप उडत असेल, तर वैद्याने वनौषधीच्या गुणांची वाखाणणी करण्याऐवजी संशय घ्यावा. गार्सिनियायुक्त पूरकांनी यकृताला इजा झाल्याचे वृत्तान्तही वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

चालू औषधे हा आणखी नाजूक विषय आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना आहार एकदम तोडला, तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रक्तदाबाची औषधेही वजन घटताना कमी करावी लागतात. गुग्गुळाने प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे शोषण घटते, असे आढळले आहे. वजन फार वेगाने उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचा संभवही वाढतो. ज्या कार्यक्रमात प्रवेशापूर्वी ‘कोणती औषधे चालू आहेत?’ हा प्रश्न विचारला जात नाही, तेथे रुग्णास पाठवू नये.

औषधी दुकानदारांसाठी

दुकानदार बंधूंकडे हा विषय निराळ्या रूपाने येतो. एखादा प्रतिनिधी पावडरीचे डबे घेऊन येतो, घसघशीत कमिशन सांगतो आणि आपल्या ग्राहकांना सभासद करण्याची गळ घालतो. २०२१ च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. इतरांना जोडून दिल्यास भरलेली किंमत वसूल होईल, असे आमिष दाखवून खरेदी करविणेही त्या नियमांत बसत नाही. शिवाय १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत स्थौल्याचा समावेश आहे. स्थौल्य बरे करणाऱ्या औषधाची जाहिरात जनतेपुढे करणे हा त्या कायद्यान्वये गुन्हा आहे. कंपनीने दिलेला फलक आपल्या दुकानावर लावला, तर जबाबदारी केवळ कंपनीची राहत नाही, हे ध्यानात घ्यावे.

कायद्यापलीकडेही एक विचार आहे. दुकानाची पत काउंटरवरच्या सल्ल्याने उभी राहिलेली असते. तीन डब्यांचे कमिशन आज मिळेल, पण चौथ्या महिन्यात वजन परत आलेला ग्राहक खोकल्याच्या औषधासाठीही दुसऱ्या दुकानात जाईल.

आपल्या घरात पाहताना

हे सारे इतरांविषयी लिहून थांबलो, तर आमचे लेखन अपुरे व काहीसे अप्रामाणिक ठरेल. आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयांत स्थौल्यासाठी पॅकेज आहे. उद्वर्तन, स्वेदन, लेखन बस्ती, वमन वा विरेचन यांचे शास्त्रीय स्थान वादातीत आहे. परंतु शोधनानंतर चार दिवसांत काट्यावर जी घट दिसते, तीतील मोठा भाग जलीय अंशाचा व संसर्जन क्रमातील अल्पाहाराचा असतो, हे आपण जाणतो. तो आकडा भिंतीवर ‘आधी’ आणि ‘नंतर’ म्हणून लावला, तर ज्या केंद्रांना आपण नावे ठेवतो त्यांच्यात व आपल्यात भेद उरत नाही.

म्हणून आमचा आग्रह असा की, वरील प्रत्येक प्रश्न आधी स्वतःच्या पॅकेजला विचारावा. आपण रुग्णाची प्रकृती, अग्नी, बल, चालू औषधे व घरचे अन्न यांची नोंद करतो काय? पैसे टप्प्याटप्प्याने घेतो काय? शोधनानंतर सहा महिन्यांनी व वर्षाने त्याचे वजन व घेर मोजतो काय? मोजत नसू, तर आपला उपचार किती जणांना उपयोगी पडला हे आपण कशाच्या आधारे सांगतो? दहाच रुग्णांची वर्षभराची प्रामाणिक नोंद, त्यांत सोडून गेलेल्यांची संख्या धरून, या त्रैमासिकाकडे पाठविली, तर भिंतीवरील शंभर छायाचित्रांपेक्षा ती अधिक मोलाची ठरेल.

निर्णय

कोणाला ‘भरा’ म्हणावे? ज्याला वजन घटविण्याची वास्तविक गरज आहे, ज्याने एकट्याने प्रयत्न करून पाहिला व जो देखरेखीच्या अभावी मागे पडला, ज्याला कार्यक्रमात घरचेच अन्न शिकविले जाणार आहे, जिथे अर्हताप्राप्त व्यक्ती तपासते, चालू औषधे विचारते आणि पैसे महिन्यामहिन्याने घेते, त्याला अवश्य भरण्यास सांगावे. पैसे भरले म्हणून नियम पाळणारा स्वभाव असतो. त्याला हसू नये, त्याचा उपयोग करावा. अशा रुग्णाला दर महिन्यास आपल्याकडे वजन, घेर व रक्तदाब दाखविण्यास सांगावे. कार्यक्रम दुसऱ्याचा असला तरी रुग्ण आपलाच आहे.

कोणाला ‘भरू नका’ म्हणावे? जिथे किलोची व दिवसांची हमी आहे, वस्तूची खरेदी सक्तीची आहे, पुडीवर लेबल नाही, संपूर्ण रक्कम आगाऊ मागतात, चालू औषधे बंद करावयास सांगतात, आणि ‘संपल्यावर पुढे काय?’ या प्रश्नाला ‘पुन्हा नावनोंदणी करा’ हेच उत्तर आहे, तिथे. यांपैकी एकही गोष्ट आढळली तरी थांबण्यास सांगणे रास्त होईल. तसेच ज्याला कर्ज काढून वा दागिना गहाण ठेवून पैसे भरावे लागतील, त्याने कितीही चांगल्या कार्यक्रमात जाऊ नये. त्याच्यासाठी आपणच तीन महिने दर पंधरवड्यास दहा मिनिटे काढावीत. काटा, मोजपट्टी आणि त्याच्या आठवड्याच्या जेवणाची वही एवढे साहित्य त्यास पुरते.

रुग्णाला द्यावयाचे उत्तर तोंडी न ठेवता केसपेपरवर लिहावे : आजचे वजन, घेर, मुख्य तक्रार, कार्यक्रमाचे स्वरूप, वर्षाचा एकूण खर्च आणि आपला सल्ला. तीन महिन्यांनी तोच कागद उघडावा आणि सल्ला बरोबर ठरला की चुकला, ते त्याखाली नोंदवावे.